यादी लागेपर्यंत आत नेमकं काय चालतं?

कॉलेजप्रवेशाचा अर्ज भरून झाला, पसंतीक्रम लॉक झाला, आता फक्त यादीची वाट बघायची. या दिवसांत पोर्टल दर तासाला उघडलं जातं, मागच्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ होतात आणि घरात जो तो "लागेल ना नंबर?" एवढंच विचारत असतो. यातली बरीचशी घालमेल आत काय चाललंय ते न कळल्यामुळे होते. पद्धत समजली म्हणून काळजी संपत नाही, पण भलत्याच गोष्टीची काळजी करणं तरी थांबतं. आणि फॉर्म अजून भरायचा असेल, तर एक मोठी चूक टळते.

कॉलेजची अडचण

बाहेरून वाटतं, यात अवघड काय आहे? गुणांनुसार अर्ज लावा, जागा संपल्या की रेघ मारा. पण आपण ज्याला जागा देतोय तो येणार की नाही, हे कॉलेजला कुठे ठाऊक असतं? चांगल्या विद्यार्थ्याने चार-पाच ठिकाणी अर्ज केलेला असतो आणि शेवटी तो जाणार एकाच ठिकाणी.

समजा, १०० जागा आहेत आणि दरवर्षी बोलावलेल्यांपैकी साधारण ४० टक्के येतात. मग कॉलेज २५० जणांना बोलावतं. यंदा ४५ टक्के आले तर ११२ जण हजर, बसायला जागा नाही. ३५ टक्केच आले तर ८७ जण, आणि १३ जागा रिकाम्या. म्हणून कॉलेज हात जरा आखडता घेतं, मोजक्यांना बोलावतं आणि बाकीच्यांना प्रतीक्षा यादीवर ठेवतं. पुढे त्या यादीतून १३ जणांना बोलावलं, तर त्यातले बरेच जण दुसरीकडची घेतलेली जागा सोडून येतात. तिथे जागा रिकाम्या होतात, तिथली प्रतीक्षा यादी हलते, मग तिसरीकडची. प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला विचार करायला आणि पैसे भरायला चार-सहा दिवस द्यावे लागतात. आठवडेच्या आठवडे जातात ते यातच.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये नेमक्या या अडचणीवर जेमतेम सात पानांचा निबंध लिहिला. तोडगा असा: सगळ्या विद्यार्थ्यांनी आपला पसंतीक्रम आणि सगळ्या कॉलेजांनी आपली गुणवत्ता यादी आधीच एका ठिकाणी द्यायची. मग ही अख्खी साखळी कागदावरच, कुणालाही न हलवता चालवायची आणि शेवटचा निकाल तेवढा जाहीर करायचा. शॅप्ली यांना २०१२ साली अॅल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ सालीच वारले होते, त्यामुळे त्यांचं नाव त्यात नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी हायस्कुलांचे प्रवेश या पद्धतीने होतात. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटी यांचं २०१५ पासून एकत्र होणारं जागावाटप, म्हणजे 'जोसा', तेही याच पायावर उभं आहे.

चार विद्यार्थी, तीन कॉलेजं

हे एकदा हाताने करून बघितल्याशिवाय नीट पटत नाही. सगळ्या कॉलेजांची गुणवत्ता यादी एकच असेल तर काम सोपं असतं. पहिल्या क्रमांकाला त्याची पहिली पसंती, दुसऱ्याला उरलेल्यातली त्याची सगळ्यात वरची, असं खाली खाली जायचं. खरी गंमत येते ती प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी असते तेव्हा. एक कॉलेज एका परीक्षेचे गुण धरतं, दुसरं दुसऱ्या परीक्षेचे, तिसऱ्याचा स्थानिक कोटा असतो.

आपण कॉलेजांना पूर्व, पश्चिम आणि उत्तर म्हणू. पूर्व आणि पश्चिममध्ये एकेक जागा, उत्तरमध्ये दोन. विद्यार्थी अ, ब, क, ड. अ आणि क यांचा क्रम पूर्व, पश्चिम, उत्तर असा आहे. ब आणि ड यांचा पश्चिम, पूर्व, उत्तर. पूर्वच्या गुणवत्ता यादीत ब, अ, क, ड असा क्रम आहे आणि पश्चिमच्या यादीत क, ड, ब, अ असा.

पहिल्या फेऱ्यात प्रत्येक जण आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. पूर्वकडे अ आणि क येतात. तिथल्या यादीत अ वर आहे, म्हणून पूर्व अ ला ठेवून घेतं, क ला परत पाठवतं. पश्चिमकडे ब आणि ड येतात. ड राहतो, ब परत.

हे 'ठेवून घेणं' तात्पुरतं असतं, आणि सगळी युक्ती त्यातच आहे.

दुसऱ्या फेऱ्यात क आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे पश्चिमकडे जातो. तिथे ड बसलाय, पण पश्चिमच्या यादीत क त्याच्याही वर आहे. ड उठतो, क बसतो. ब पूर्वकडे जातो, तिथे अ ला उठवतो. तिसऱ्या फेऱ्यात अ पश्चिमकडे आणि ड पूर्वकडे जाऊन बघतात, पण दोघांनाही नकार मिळतो. चौथ्या फेऱ्यात दोघं उत्तरकडे जातात. तिथे दोन जागा आहेत, दोघंही बसतात. निकाल: ब पूर्वमध्ये, क पश्चिममध्ये, अ आणि ड उत्तरमध्ये.

आता कुणी तक्रार करू शकतो का? अ म्हणेल, मला पूर्व हवं होतं. पण तिथे ब आहे, आणि पूर्वच्या यादीत तो अ च्या वर आहे. पश्चिम? तिथे क आहे, तोही वर. ड चं उत्तरही तसंच. 'माझ्यापेक्षा खालचा माणूस माझ्या आवडीच्या जागेवर बसलाय' असं चौघांपैकी कुणीच म्हणू शकत नाही. या पद्धतीची हमी एवढीच आहे, आणि ती काही थोडी नाही.

चौकस वाचकाच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. ब ला खरं तर पश्चिम हवं होतं आणि क ला पूर्व. दोघांनी अदलाबदल केली तर दोघंही खूश! मग यंत्रणा ती का करत नाही? कारण क पूर्वमध्ये गेला की अ उठून विचारेल, "पूर्वच्या यादीत मी क च्या वर आहे, मग ही जागा माझी का नाही?" ब पश्चिममध्ये गेला की ड तेच विचारेल. दोघांची सोय बघायची की यादीचा मान राखायचा, यात ही पद्धत यादीच्या बाजूने उभी राहते. यादी लागल्यावर 'आम्ही दोघं राजी आहोत, जागा बदलून द्या' असे अर्ज घेऊन जाणाऱ्यांना नकार मिळतो, त्याचं कारण हेच.

पसंतीक्रम खरा का भरायचा

आता तीच माणसं, त्याच याद्या, पण नियम जरा बदलू: पहिल्या फेऱ्यात मिळालेली जागा कायम. मग अ ला पूर्व आणि ड ला पश्चिम लगेच मिळून जातं. ब पूर्वच्या यादीत सगळ्यात वर असूनही उत्तरमध्ये जाऊन पडतो. त्याचा गुन्हा काय, तर त्याने पूर्व दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं. अशा पद्धतीत खरी आवड लिहिणारा फसतो आणि अंदाज बांधून 'मिळण्यासारखं' कॉलेज वर लिहिणारा जिंकतो. बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी बरीच वर्षं हाच नियम होता. चाणाक्ष पालक त्याप्रमाणे खेळत आणि भोळे मागे पडत. अर्थशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिल्यावर २००५ साली तो बदलला.

'हे कॉलेज वर टाकू नकोस, मिळणार नाही, उगाच नंबर वाया जाईल' हा सल्ला या दुसऱ्या पद्धतीतला आहे. जागा तात्पुरत्या ठेवणाऱ्या पद्धतीत नंबर वाया जात नाही. वरच्या पाच कॉलेजांनी नकार दिला तरी सहाव्याकडे तुम्ही पोचता, आणि तिथे तुमचा हक्क ते पहिलं लिहिणाऱ्याइतकाच असतो. आधी तिथे दुसरा कुणी बसला असेल आणि यादीत तुम्ही त्याच्या वर असाल, तर तो उठतो. खोटा क्रम लावून विद्यार्थ्याचा फायदा होऊच शकत नाही, हे या पद्धतीबद्दल गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणून आपल्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत जागा कुठल्या नियमाने दिल्या जातात ते आधी वाचा. क्लासवाल्यांचा किंवा शेजारच्या दादाचा सल्ला त्यानंतर.

एक पथ्य मात्र आहे. पसंतीची संख्या मर्यादित असेल, समजा पाच किंवा दहाच, तर सगळ्या पसंती स्वप्नातल्या कॉलेजांवर खर्चून चालत नाही. कोणती कॉलेजं यादीत घ्यायची हे शक्यता बघून ठरवा, पण घेतलेल्यांचा आपसांतला क्रम आवडीनेच लावा. शेवटच्या एक-दोन जागी नक्की मिळेल असं काहीतरी हवं. आणि जिथे मिळालं तरी जाणार नाही, ते लिहूच नका. अनेक प्रक्रियांत मिळालेली जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं.

कोर्स आणि कॉलेज यांचे कोड भरताना चुकतात, तेही फार. एकाच कॉलेजात एकाच शाखेचे दोन-दोन कोड असतात: एक अनुदानित, एक विनाअनुदानित, किंवा एक सकाळचं सत्र, एक दुपारचं. फीमध्ये जमीनअस्मानाचा फरक असतो. लॉक करण्याआधी यादी छापून काढा, एकाने कोड मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पुस्तिकेत बघावं. मग सलग दोन पसंती घेऊन स्वतःला विचारा: उद्या या दोन्ही मिळाल्या तर मी वरचीच घेईन ना? उत्तर देताना अडखळलात तर तिथला क्रम पुन्हा बघा.

कटऑफ आधी ठरत नाही

कॉलेज कटऑफ ठरवतं, हा समज इतका पक्का आहे की तो काढायला वेळ लागतो. वरच्या उदाहरणात कुणीच कटऑफ ठरवला नव्हता. सगळं वाटप झाल्यावर शेवटचा बसलेला विद्यार्थी कोण, त्याचा क्रमांक म्हणजे कटऑफ. म्हणजे मागच्या वर्षीचा कटऑफ ही मागच्या वर्षीच्या त्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे.

तो वापरायचाच असेल तर गुण नाही, गुणवत्ता क्रमांक बघा. पेपर सोपा गेला की सगळ्यांचेच गुण वाढतात, क्रमांक त्या मानाने स्थिर राहतो. किमान तीन वर्षांचे आकडे घ्या, तेही त्याच प्रवर्गाचे, त्याच कोट्याचे आणि त्याच फेरीचे. एखादी शाखा तीन वर्षं ४१००, ४६०० आणि ३९०० ला बंद झाली असेल, तर ३५०० वाल्याने बऱ्यापैकी निश्चिंत राहावं, ४३०० वाल्याने दोन्हींची तयारी ठेवावी. ज्या रांगेत दोन-तीनच जागा असतात तिथला आकडा वर्षागणिक प्रचंड हलतो, कारण एक विद्यार्थी इकडचा तिकडे गेला तरी तो बदलतो. अशा आकड्यावरून काही ठरवू नये.

आरक्षणाच्या जागा यंत्रणेसाठी वेगळ्या रांगा असतात. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचा विचार साधारणपणे आधी खुल्या जागेसाठी होतो आणि तिथे बसला नाही तर प्रवर्गाच्या जागेसाठी. जागा उरल्या तर काय करायचं याचे नियम वेगळे असतात. जोसामध्ये ओबीसीच्या रिकाम्या जागा खुल्या होतात, एससी आणि एसटीच्या होत नाहीत. अशा जागा खुल्या झाल्या की सगळं वाटप पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागतं.

एवढं सगळं एकदा ठरतं, तर मग फेऱ्या कशाला?

कारण कागदावर जागा मिळालेले सगळे जण प्रत्यक्षात येत नाहीत. कुणी परदेशी जातो, कुणी पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवतो, कुणाचं कागदपत्र अडतं. त्यांच्या जागा मोकळ्या होतात आणि गणित पुन्हा चालवलं जातं. म्हणून पुढच्या फेऱ्यांत कटऑफ सहसा सैल होतो, म्हणजे यादीत आणखी खाली असलेल्यांनाही जागा मिळते.

दोन फेऱ्यांच्या मधे तुम्हाला पर्याय निवडायचा असतो. जोसामध्ये ते तीन आहेत. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पक्कं, पुढे काही नको. फ्लोट म्हणजे हे हातात असू दे, पण माझ्या यादीत याच्या वरचं काहीही मिळालं तर ते द्या. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, फक्त वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर बदला. इतर प्रक्रियांत नावं आणि बारकावे वेगळे असतात, आणि काही ठिकाणी पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते.

फ्लोटमध्ये लोक कुठे अडकतात ते सांगतो. वरची जागा मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, आणि ती परत मिळत नाही. "मला विचारतील, मग मी ठरवीन" असं नसतं. दुसऱ्या गावातलं कॉलेज यादी भरताना हौसेने वर टाकलं होतं, आता फी भरून, राहायची सोय करून इथे मन रमलंय, आणि पुढच्या यादीत नाव त्या दुसऱ्या गावात! इथेच राहायचं असेल तर वेळेत फ्रीझ करा. उलट, फ्लोट केलं म्हणून हातातली जागा धोक्यात येईल ही भीती निराधार आहे. पण त्यासाठी स्वीकृतीची फी आणि कागदपत्रांची पडताळणी मुदतीत झालेली हवी. ती राहिली तर जागा जाते आणि जोसासारख्या प्रक्रियेत पुढच्या फेऱ्याही बंद होतात.

लॉक करण्याआधी काही ठिकाणी सरावाचं वाटप दाखवतात. ते त्या घटकेपर्यंत भरलेल्या पसंतींवर केलेलं असतं. हजारो जण त्यानंतर क्रम बदलतात, कित्येकांनी तोपर्यंत भरलेलाच नसतो. ते बघून घाबरून यादी उलटीपालटी करू नये.

फाइल वाचून निर्णय होतो तिथे

परदेशातल्या अनेक विद्यापीठांत गुणांची रांग नसते. निबंध, शिफारसपत्रं, शाळेतली कामगिरी हे सगळं माणसं वाचतात आणि समिती ठरवते. तिथे वरचं गणित लागू नाही, पण 'बोलावलेला येईल का' ही अडचण जशीच्या तशी आहे, आणि तिच्यावरचे उपाय वेगळे आहेत. अमेरिकेतला 'अर्ली डिसिजन' हा त्यातलाच एक. विद्यार्थी एकाच कॉलेजला आधी अर्ज करतो आणि घेतलंत तर येईनच असं लिहून देतो. या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला. नेहमीच्या अर्जांचे निकाल मार्चअखेरपर्यंत, आणि विद्यार्थ्याने उत्तर द्यायची रूढ तारीख १ मे. ब्रिटनमध्ये युकॅस या सगळ्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या यंत्रणेच्या एकाच अर्जात पाच पसंती टाकता येतात, त्यांत क्रम लावायचा नसतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी पदवीसाठी अर्ज करता येत नाही. बोलावणं बऱ्याचदा 'अमुक गुण पडले तर' असं सशर्त असतं, म्हणून विद्यार्थी एक पक्की आणि एक राखीव अशा दोन जागा धरून ठेवतो.

'डिफर्ड' आणि 'वेटलिस्टेड' यांत गल्लत करू नका. डिफर्ड म्हणजे लवकरच्या फेरीत निर्णय झाला नाही, नेहमीच्या फेरीत फाइल पुन्हा वाचली जाईल. वेटलिस्टेड म्हणजे निर्णय झालाय, जागा उरली तर बोलावू. अमेरिकेत या प्रतीक्षा यादीला सहसा क्रमांक नसतो, त्यामुळे "माझा नंबर कितवा?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. यादीवर राहायचं असेल तर तसं मुदतीत कळवावं लागतं. कॉलेजला चालत असेल तर एका पानाचं पत्र पाठवावं: नवे गुण, नवं काम, आणि बोलावलंत तर येईन हे स्पष्ट वाक्य. अर्जातलंच पुन्हा उगाळू नये. दर आठवड्याला मेल करू नये. आणि दुसरीकडे मिळालेली जागा त्याआधी पैसे भरून पक्की करावी.

दरम्यान

लॉक झाल्यानंतर पोर्टल कितीदाही उघडलं तरी निकाल बदलत नाही. प्रत्येक फेरीचं वाटप ठरल्या वेळीच चालतं, आणि 'प्रक्रियेत' या शेऱ्याचं 'विचाराधीन' झालं म्हणून त्यातून काही कळत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघितलं तरी पुरतं. बघायचं तेही नोटिसा आणि त्रुटी यासाठी. कागदपत्राबद्दल शेरा आला असेल तर उत्तर द्यायला दोन-तीनच दिवस मिळू शकतात. नोंदणीचा मोबाइल चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. मेलचं स्पॅमही चाळा.

मूळ कागदपत्रं, दोन-दोन प्रती आणि स्कॅन एकत्र ठेवा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का ते आत्ताच ताडून बघा. दाखला नवा काढायचा असेल तर यादी लागल्यावर धावपळ करून तो मुदतीत हाती पडेलच असं नाही. फी ज्या खात्यातून भरणार त्याची ऑनलाइन व्यवहाराची रोजची मर्यादा तपासा. शेवटच्या दिवशी रात्री पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, हा प्रकार नेहमीचा आहे. मुदतीच्या एक दिवस आधी भरलंत तर दुरुस्त करायला वेळ मिळतो. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. 'केंद्रीय फेरीतली जागा पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वाटप यंत्रणा करते, त्याच्या हातात काही नसतं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे बरेच दिवस चाललं असेल, तर यादीची वाट न बघता समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावं.

घेतलेली जागा सोडायची ठरली तर नुसतं न जाणं पुरत नाही. पोर्टलवर रीतसर रद्द करा, पोच घ्या, आणि तारीख बघून करा. कारण फी किती परत मिळणार हे बहुतेक ठिकाणी जागा कोणत्या तारखेला सोडली यावर ठरतं, आणि मूळ कागदपत्रं कॉलेजकडे जमा असतील तर ती मिळायलाही दोन-चार दिवस जातात.